मदत हवी आहे: मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे फिरवलेले दोन थर

नमस्कार मंडळी. क्वांटम एस्प्रेसो या डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी क्वांटम पद्धत) प्रोग्रॅममध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे दोन थर रिलॅक्स करतोय, म्हणजे सर्वात कमी ऊर्जेची अणुरचना शोधतोय. नुसतं पीबीई (डीएफटीतलं एक नेहमीचं अंदाजसूत्र) वापरलं तर थर लांब सरकतात. थरांमधलं क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षण धरणारं ग्रिमचं डी३ करेक्शन लावलं की अंतर ६.१५ अँगस्ट्रॉमच्या आसपास, प्रयोगाशी जुळणारं येतं. इथवर ठीक.

खरी अडचण पुढे आहे. एक थर १ अंशाने फिरवला की मोआरे सेलमध्ये (फिरवलेल्या थरांची नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तो एकक तुकडा) जवळपास २० हजार अणू होतात. एवढं डीएफटी आमच्या क्लस्टरला झेपणारं नाही. म्हणून लॅम्प्स या अणूंच्या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये थराच्या आत स्टिलिंजर-वेबर आणि दोन थरांमध्ये कोल्मोगोरोव्ह-क्रेस्पी ही अणूंमधल्या बलांची तयार सूत्रं (पोटेन्शियल) लावायचा विचार आहे. ही जोडी कुणी वापरली आहे का? दोन्ही थरांतल्या गंधकाला वेगवेगळे अणुप्रकार कसे दिलेत? नमुना इनपुट फाइल मिळाली तर फार उपकार होतील. दोन आठवडे इथेच अडकलोय.