साखर वाढवली म्हणून रंग वाढत नाही

फॅफिया या यीस्टपासून अ‍ॅस्टाझँथिन, म्हणजे सामन माशाला गुलाबी-लाल करणारा रंग, मिळतो. त्याला साखर जास्त दिली की हा रंगही जास्त मिळेल, असं कुणीतरी सुचवलंय. होतं उलटच. एकदम भरपूर ग्लुकोज मिळालं की हवा असूनही हे यीस्ट अल्कोहोल बनवायला लागतं आणि रंग मागे पडतो. म्हणून ग्लुकोज असो वा कारखान्यातली मळी, थोडी थोडी सोडत राहायची. हवा मात्र सढळ हाताने, कारण बीटा-कॅरोटिनचं (यीस्टमध्ये आधी बनणारं नारिंगी रंगद्रव्य) अ‍ॅस्टाझँथिन व्हायला ऑक्सिजन लागतोच. तापमान २०-२२ अंश. आपल्याकडे उन्हाळ्यात विजेचं बिल इथेच फुगणार!

म्युटंटचं (जनुकं बदलून जास्त रंग देणाऱ्या यीस्टचं) म्हणाल, तर मूळ जातीत ग्रॅमभर कोरड्या यीस्टमागे साधारण २००-४०० मायक्रोग्रॅम रंग असतो. यूव्ही किरण किंवा रसायन वापरून जनुकांत बदल घडवतात आणि मग प्लेटवर वाढलेल्या यीस्टच्या गडद वसाहती उचलतात. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. बीटा-कॅरोटिनवरच अडकलेली वसाहतही चांगली भडक पिवळी-नारिंगी दिसते. अर्क काढून एचपीएलसी (रंगद्रव्यं वेगळी करून मोजणारी चाचणी) कराच. शिवाय गडद म्युटंट बरेचदा रडतखडत वाढतात, तेव्हा हिशेब ग्रॅममागे नको, लिटरमागे मांडा.

आणि सामनच्या खाद्यासाठी करत असाल तर पेशीभित्तिका फोडायला विसरू नका. नाहीतर बराचसा रंग माशाच्या अंगी न लागता तसाच बाहेर पडतो.