एचआयव्हीबाधितांना क्षयप्रतिबंधक औषध देणे का राहून जाते?

प्रश्न (समुपदेशक, नागपूर): खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांपैकी एकही लक्षण नसलेल्या रुग्णांनाही हे औषध लिहून देण्याचे राहते. यावर उपाय काय?

उत्तर (वैद्यकीय अधिकारी): न ओळखलेला सक्रिय क्षय असल्यास एकट्या आयसोनियाझिडने (हेच क्षयप्रतिबंधक औषध) जंतूंमध्ये औषधप्रतिकार निर्माण होईल, ही भीती बहुधा आड येते, परंतु चारही लक्षणे नसताना सक्रिय क्षयाची शक्यता कमी असते, त्यामुळे केवळ क्ष-किरण चित्र नाही म्हणून औषध अडवू नये. यकृतविकार आणि मद्यपान यांची चौकशी मात्र टाळू नये.

उत्तर (औषधनिर्माता): रोज ३०० मिलिग्रॅम आयसोनियाझिड पायरिडॉक्सिनसह (ब-६ जीवनसत्त्व) सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन (दुसरे क्षयविरोधी औषध) एकत्र, आठवड्याला एक अशा १२ मात्रा. दुसरा पर्याय डोल्युटेग्राविर या एचआयव्हीविरोधी औषधासोबत चालतो, प्रोटीज इनहिबिटर या गटातील एचआयव्हीविरोधी औषधांसोबत नाही. रामटेक-उमरेडहून येणाऱ्यांना हे औषध एआरटीच्या (एचआयव्हीवरील नियमित उपचाराच्या) गोळ्यांबरोबरच द्यावे. वेगळी फेरी पडली की औषध सुटते.

प्रश्नकर्ता: मग लक्षणांची नोंद करतानाच औषधाचा निर्णय, आणि नकार असल्यास त्याचे कारण, कार्डावर लिहिण्याचा आग्रह धरतो.