मदत हवी आहे: खाडीतली कोळंबी वाढताना का दिसत नाही?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळच्या एका खाडीत पांढरी कोळंबी (पिनियस मर्ग्युएन्सिस) मोजतोय. नमुने पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या काकांकडून, दर पंधरवड्याला. पण महिने गेले तरी सरासरी लांबी हलत नाही.

कारणाचा अंदाज आहे. मादी अंडी घालते समुद्रात. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या चिखलात काही महिने पोसतात आणि वयात येण्याआधीच समुद्राकडे निघतात. म्हणजे पाचवीच्या वर्गाचं सरासरी वय दरवर्षी तेच, तसला प्रकार. मग वाढीचा वेग काढायचा कसा? माशासारखं कानातल्या खड्यावरून वय काढावं, तर कोळंबीला तो नाही, आणि कात टाकताना सगळं कवचच जातं.

दुसरं, मोठ्या पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की मोठी कोळंबी बाहेर पडते. नेमकी तेव्हा, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद. समुद्रातला नमुना आणू कुठून?

खाजणकाठ: सरासरी सोडा. दर नमुन्याचा लांबीनुसार आलेख काढा, त्यात उंचवटे दिसतील. एकेक उंचवटा म्हणजे साधारण एका वेळी आलेली पिल्लं. तो पुढे किती सरकतो ते बघा. नर-मादी वेगळे मोजा, मादी जास्त वाढते. आणि लांबी डोळ्याच्या खोबणीपासून डोक्यावरच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत घ्या. पुढचं करवतीसारखं टोक बऱ्याचदा मोडलेलं असतं.

दर्यावर्दी७: पागात राहणारी सापडते, जाणारी नाही. खाडीच्या तोंडाशी बोक्शी (प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) लावणारा कोणी गाठ. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) दिवसांत, रात्रीच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला. बाहेर पडणारा माल तिथेच मिळेल, ट्रॉलरची वाट बघायला नको. बंदरावरची करंदी (बारीक कोळंबी) मात्र यात मिसळू नकोस. त्या नावाखाली चार जाती खपतात, त्यातली एखादी तर खाडीत येतच नाही, जन्मभर समुद्रातच.

धागाकर्ता: दोघांचे आभार. बोक्शीवाले आहेत ओळखीचे. पण दादा, बोक्शीच्या खोल्याची (शेवटच्या पिशवीची) आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, पागापेक्षा बारीक असते ना? मग दोन्हींचे आकडे एकाच आलेखात घ्यायचे की वेगळे ठेवायचे?

खाजणकाठ: वेगळेच. आणि दोन्हींची आस मोजून वहीत लिहा, परीक्षक पहिलं तेच विचारतील.