जुन्या गाडीचं वय आणि मेकॅनिकची पारख

दहा वर्षं झाली की गाडी काढून टाकावी, हा सल्ला मला सरसकट पटत नाही. माझी १४ वर्षांची आहे आणि रोज चालते. फक्त जुन्या गाडीचे किलोमीटर पाहून भागत नाही, वयही मोजावं लागतं. गाडी उभी असली तरी रबर वाळतंच. रनिंग कमी आहे म्हणून टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारा रबरी पट्टा) बदलायचं लांबणीवर टाकलं आणि तो तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागतं. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषतं, ते साधारण दर २ वर्षांनी बदलाच.

आता मेकॅनिकबद्दल. मध्यंतरी माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. एका ठिकाणी थेट रेडिएटर बदला म्हणाले. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने इंजिन गार होऊ दिलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढला आणि पाण्याच्या भांड्यात टाकून भांडं गॅसवर ठेवलं. पाणी खळखळा उकळलं तरी तो उघडेना. मला जवळ बोलावून दाखवलं. तेवढाच बदलला, काटा जागेवर आला. असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

मीही झालेलं प्रत्येक काम तारीख आणि किलोमीटरसकट वहीत लिहितो. आवाज कधी येतो, गार इंजिनवर, वळताना की ब्रेक दाबल्यावर, हेसुद्धा टिपून नेतो. मेकॅनिकचा बिघाड शोधण्यातला बराच वेळ वाचतो.