शब्दचर्चा : जुन्या संगणकीय खेळांचे स्मरणरंजन की रुखरुख?

विचारणा

१९८०च्या दशकात आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉसवर (आज्ञा टंकून चालवायच्या जुन्या संगणकप्रणालीवर) चालणारे जे छोटे संगणकीय खेळ होते, त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना मला शब्दांची अडचण जाणवते आहे. ‘डेंजरस डेव्ह’, ‘पॅराट्रूपर’, ‘डिगर’ ही नावे निघताच चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचे चेहरे खुलतात, आणि त्यांतले काही जण ते खेळ शोधून, नव्या संगणकावर बसवून पुन्हा खेळूही लागतात. या मनःस्थितीला वृत्तपत्रांत सरसकट ‘स्मरणरंजन’ म्हणतात, क्वचित ‘गतकातरता’. मला दोन्ही शब्द इथे अपुरे वाटतात. शिवाय, यांपैकी जे खेळ फारसे कोणाला ठाऊक नाहीत त्यांना नुसते ‘अप्रसिद्ध’ म्हणावे, की याहून चांगला शब्द आहे? जाणकारांनी कृपया उदाहरणे देऊन लिहावे. नुसता प्रतिशब्द पुरेसा नाही, तो वाक्यात कसा बसतो तेही कळायला हवे.

प्रतिसाद

‘स्मरणरंजना’त रंजन आहे. जे घडून गेले आणि पुरे झाले ते आठवून मन रमवणे, असा त्याचा अर्थ होतो, आणि शाळासोबत्यांच्या गप्पांना तो शब्द शोभतो. ‘गतकातरते’त कातर आहे. कातरवेळ म्हणताना आपल्याला जी व्याकुळता अभिप्रेत असते ती त्यात उतरते, पण हा शब्द छापील मजकुराबाहेर फारसा रुळला नाही. जुना खेळ पुन्हा खेळायला बसलेला माणूस गेलेल्या काळासाठी झुरत असतो असे मला वाटत नाही. त्याला बहुधा एक ठरावीक दार उघडायचे असते.

‘डेंजरस डेव्ह’चेच पाहा. जॉन रोमेरो यांनी हा खेळ १९८८ साली ॲपल टू या संगणकासाठी केला आणि १९९०मध्ये तो डॉसवर आला. एकूण दहा टप्पे. प्रत्येक टप्प्यात चषक उचलल्याखेरीज दार उघडत नाही, आणि चषक हाती आला की पडद्याच्या तळाशी ‘गो थ्रू द डोअर’ अशी सूचना झळकते. आता आपल्याकडच्या शाळेतली संगणकाची तासिका आठवा. एका यंत्रापुढे तिघे-चौघे बसलेले, प्रत्येकाची पाळी एक जीव जाईपर्यंत, आणि चषक उचलून दाराकडे धाव घ्यावी तोच घंटा! जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची (१९८९) गोष्ट आणखी विलक्षण आहे. त्या खेळात राजकन्येला सोडवायला साठ मिनिटांची मुदत असते. ही मुदत कमाल होती आणि सराईत खेळाडू त्याआधीही शेवट गाठू शके, पण पाळीपाळीने खेळणाऱ्या नवख्या मुलांना शाळेच्या तासिकेत शेवटाला पोचणे अवघडच होते. त्यातच डॉसवरच्या या खेळात पहिला टप्पा ओलांडला की अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची एक खोली लागे, आणि कोणती कुपी प्यायची हे सोबतच्या छापील पुस्तिकेत पाहून ठरवायचे असे. फ्लॉपीवर उतरवून आणलेल्या प्रतीबरोबर पुस्तिका कुठून येणार?

अर्धवट राहिलेल्या गोष्टीमागे मनात जे उरते त्याला मराठीत ‘रुखरुख’ आणि ‘चुटपुट’ असे दोन नेमके शब्द आहेत. चुटपुट तात्कालिक आणि लहान गोष्टीची असते: थोडक्यात गाडी चुकली, एक गुण कमी पडला. रुखरुख मुरलेली असते, ती वर्षानुवर्षे टिकते. ‘हुरहुर’ याहून निराळी, कारण तिला ठरावीक विषय लागत नाही. म्हणून मी असे लिहीन : “चषक उचलूनही दार गाठता आले नाही याची त्या दिवशी चुटपुट लागली; पुढे तो खेळच मिळेनासा झाला आणि तिची रुखरुख झाली.”

प्रतिसाद

वरील विवेचन पटले. ‘अप्रसिद्ध’विषयी माझे मत मांडतो. हा शब्द कोणाच्या दृष्टीने अप्रसिद्ध ते सांगत नाही. रोमेरो यांचे नाव जगभर घेतले जाते ते १९९३च्या ‘डूम’ या खेळामुळे आणि त्यापुढे ‘डेव्ह’ झाकोळला जातो. भारतात मात्र शाळांच्या संगणक कक्षांतून गेलेल्या एका आख्ख्या पिढीला ‘डेव्ह’ हाच पहिला खेळ म्हणून ठाऊक आहे.

मला ‘अनवट’ हा शब्द सुचवावासा वाटतो. अनवट राग म्हणजे केवळ कमी लोकांना माहीत असलेला राग नव्हे. ज्याचे चलन सरधोपट नाही, जो क्वचितच मैफलीत ऐकू येतो आणि ज्याची खरी गोडी लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच कळते, तो अनवट. ‘पॅराट्रूपर’ या १९८२च्या खेळाला हे विशेषण चांगले शोभते. पडद्याच्या तळाशी मधोमध एक तोफ. वरून हेलिकॉप्टरे जातात आणि छत्रीधारी सैनिक उतरतात. पुढे गणितज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या ग्रेग कुपरबर्ग यांनी त्यात हिशेब असा घातला आहे की झाडलेल्या प्रत्येक गोळीमागे एक गुण वजा होतो, त्यामुळे अंदाधुंद गोळीबार महागात पडतो. तोफेच्या एका बाजूला चार सैनिक सुखरूप उतरले, की ते एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफेपर्यंत पोचतात आणि ती उडवून देतात. तीन उतरलेले असताना चौथ्याची छत्री नेमकी कधी फोडायची, या एका निर्णयात सारा खेळ साठवला आहे. अशा खेळाला ‘साधासुधा जुना खेळ’ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. जे खेळ सामान्य होते आणि केवळ विसरले गेले, त्यांना ‘विस्मृत’ म्हणावे. ‘अनवट’ ही पदवी सरसकट वाटू नये.

प्रतिसाद

पुन्हा खेळण्याच्या अनुभवासाठी कोणी ‘पुनःप्रत्ययाचा आनंद’ हा आपल्याकडचा रुळलेला शब्दप्रयोग सुचवील, म्हणून आधीच लिहिते. पुनःप्रत्ययात पूर्वी घेतलेला अनुभवच परत यायला हवा. इथे तसे घडतेच असे नाही.

आमच्या शाळेतले पडदे एकरंगी होते. यंत्रांत हर्क्युलस हे एकरंगी चित्र दाखवणारे कार्ड असे आणि सीजीए या रंगीत चित्रांच्या कार्डासाठी लिहिलेले खेळ त्यावर चालावेत म्हणून आधी ‘सिमसीजीए’ नावाचा छोटा कार्यक्रम चालवावा लागे. तो विसरला तर खेळ सुरूच होत नसे. त्यामुळे माझ्या आठवणीतला ‘डिगर’ काळ्या पार्श्वभूमीवर करड्या छटांचा आहे. अनेक वर्षांनी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या संगणकावर जुन्या डॉस यंत्राची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात, तो सुरू केला तेव्हा पाचू, सोन्याच्या थैल्या, खोदलेली माती, सगळे रंगीत! खेळ करणाऱ्यांच्या मनात जे होते ते मला तेव्हा प्रथमच दिसले. याला पुनःप्रत्यय कसे म्हणावे? माझ्या बाबतीत तो पहिलाच प्रत्यय होता. याउलट, डॉसबॉक्समध्ये हर्क्युलसचा पर्यायही ठेवलेला आहे आणि त्यात पांढरा, हिरवा किंवा पिवळसर पडदा निवडता येतो. तो निवडून मी पूर्वीचे चित्र परत मिळवले, तर पुनःप्रत्यय हा शब्द योग्य ठरेल.

वेगाचेही तसेच. त्या काळचे कित्येक खेळ ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या चालीवर बेतलेले होते. संगणक वेगवान झाले तसे ते खेळ हाताबाहेर पळू लागले, आणि म्हणून यंत्रांवर वेग कमी करणारे टर्बोचे बटण आले. २००२पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हेच काम आतून करतो : कंट्रोल दाबून एफ११ने चाल मंद होते, एफ१२ने जलद. योग्य चाल सापडेपर्यंत बोटे चुकत राहतात आणि मग एका क्षणी बोटांना स्वतःहून आठवते. त्या क्षणासाठी मी निःसंकोचपणे ‘पुनःप्रत्यय’ म्हणेन. वाक्य : “पडद्यावरचे रंग नवे होते, पण उडीची वेळ बोटांना पाठ होती, आणि पुनःप्रत्यय आला तो तिथे.”

प्रतिसाद

एक पुरवणी. मालकाने विक्री थांबवलेल्या अशा खेळांना मराठीत सर्रास ‘बेवारस’ लिहिले जाते. हे टाळावे, कारण वारस असतोच. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार संगणकीय कार्यक्रम ही साहित्यकृती मानली जाते आणि हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो; १९८२चा खेळ कायद्याच्या लेखी तरुणच आहे. सातबाऱ्यावर नाव आहे पण जमीन कोणी कसत नाही, अशा जमिनीला आपण ‘पडीक’ म्हणतो. या खेळांनाही तोच शब्द लावावा. जानेवारी २०१५मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या आंतरजालावरील संग्रहाने डॉसवरचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे उपलब्ध केले, त्यांत असे पडीक खेळ पुष्कळ आहेत.

‘गहाळ’ हा शब्दही यापासून वेगळा ठेवावा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची मूळ ॲपल टूवरची आज्ञावली मेकनर यांच्याकडूनही गहाळ झाली होती. २०१२ साली ती त्यांच्या वडिलांना जुन्या खोक्यातल्या फ्लॉप्यांवर सापडली, जाणकारांच्या मदतीने वाचून काढली गेली आणि सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. तो खेळ पडीक कधीच नव्हता, गहाळ मात्र होता.

मूळ विचारणा करणाऱ्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘रुखरुख’ हा शब्द मी शीर्षकातच घेणार आहे. ‘स्मरणरंजन’ मजकुरात राहील, पण केवळ गप्पांपुरते. ‘पुनःप्रत्यया’विषयी वर जी अट घातली आहे ती मला सर्वांत मोलाची वाटली, आणि त्यामुळे लेखाचा एक परिच्छेद मला नव्याने लिहावा लागेल.

एक शंका उरते. ‘गेम’ हा शब्द कोणी ‘तो जुना गेम’ असा वापरतात, कोणी ‘ती जुनी गेम’ असा, आणि एकाच घरात दोन्ही रूपे ऐकू येतात. खेळ पुल्लिंगी म्हणून गेमही पुल्लिंगी, हे कारण पुरेसे आहे का? लेखात मी ‘खेळ’च वापरतो आहे, परंतु संवाद जसेच्या तसे द्यायचे आहेत, आणि त्यांत बोलणाऱ्याने ‘गेम’ला लावलेले लिंग बदलून देणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रतिसाद

संवादात ज्याचे त्याचे रूप तसेच ठेवावे. निवेदनात पुल्लिंग धरावे, कारण मुंबईच्या बोलीतही ‘त्याचा गेम केला’ असेच म्हणतात.