मदत हवी आहे: कॅल्शिअम काढलं तर मूलरोम (मुळावरचे सूक्ष्म केस) वाढायचे थांबण्याऐवजी फुटताहेत

गंगापूररोड_मोहरी: एमएस्सी प्रोजेक्ट अडकलाय. टोकाला कॅल्शिअम मिळालं नाही की मूलरोमाची वाढ थांबते, हे दाखवायला माध्यमात ईजीटीए (कॅल्शिअम धरून ठेवणारं रसायन) घातलं. रोम टोकाशी फटाफट फुटताहेत. सोमवारी गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा.

निफाडकर_द्राक्षबाग: ड्रिपमधून कॅल्शिअम नायट्रेट सोडा. छाटणीनंतर आमच्याकडे पांढरी मुळी अशी सुटते की बघत राहावं.

टोकवाढ: दादा, त्यांनी कॅल्शिअम मुद्दाम काढलंय! धागाकर्ते, ईजीटीए किती? पीएच?

गंगापूररोड_मोहरी: ५ मिलिमोलर. पीएच ५.८, सगळ्यांचा असतो तोच.

टोकवाढ: ईजीटीए घालण्याआधी मोजला की नंतर?

गंगापूररोड_मोहरी: आधी. नंतर कोण मोजतं?

टोकवाढ: मोजा. ईजीटीए कॅल्शिअम धरताना प्रोटॉन सोडतं, माध्यम आंबट होतं, आणि आम्लात मूलरोम फुटतात. वर पेशीभिंतीतल्या पेक्टिनला (भिंतीतल्या चिकट घटकाला) बांधणारं कॅल्शिअमही निघून जातं. म्हणजे तुम्ही भिंत सैल केलीत, कॅल्शिअम आत वाढीचा संदेश कसा देतं, याबद्दल यातून काहीच कळत नाही.

लॅबवाला_नाशिक: ईजीटीए सोडा, लॅन्थॅनम क्लोराइड घाला. कॅल्शिअम पेशीत नेणारे चॅनेलच बंद.

टोकवाढ: फॉस्फेटवाल्या माध्यमात? लॅन्थॅनम फॉस्फेट होऊन तळाशी बसेल.

लॅबवाला_नाशिक: मग फॉस्फेट काढून थोड्या वेळापुरतं द्या. आमचं चालतं.

निफाडकर_द्राक्षबाग: आमच्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शिअम भरमसाट, तरी मुळी चालत नाही. हे कसं?

टोकवाढ: तुमच्या बागेचं माती न बघता सांगता येणार नाही. पण रोमाच्या बाबतीत बाहेर किती आहे यापेक्षा चॅनेलचं दार कधी उघडतं ते महत्त्वाचं. पेशीद्रवात कॅल्शिअम साधारण १०० नॅनोमोलर, वाढत्या टोकाशी त्याच्या कित्येक पट. ॲराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगांत वापरतात ती मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती) आरएचडी२ हे एन्झाइम टोकाशी ऑक्सिजनची क्रियाशील रूपं तयार करतं, त्यांनी चॅनेल उघडतात, कॅल्शिअम आत येतं (२००३, 'नेचर'). आत आलेलं कॅल्शिअम पुन्हा त्याच एन्झाइमला चेव आणतं. आरएचडी२ बिघडलेल्या रोपांचे रोम आखूडच राहतात.

पंचवटी_बाल्कनी: माझ्या कुंडीतल्या मिरचीची पानं आकसलीत, हेच का?

निफाडकर_द्राक्षबाग: नाही ताई, तो बोकड्या दिसतोय. पानाखाली फुलकिडे, कोळी, पांढरी माशी बघा.

गंगापूररोड_मोहरी: मोजला. ४.५ च्याही खाली! पीएच स्थिर ठेवणारा बफर घालून पुन्हा लावते. नुसता पीएच उतरवलेली प्लेट तुलनेसाठी कंट्रोल म्हणून ठेवू?

टोकवाढ: ठेवाच. शिवाय एक अशी, जिच्यात ईजीटीए आधीच कॅल्शिअमने भरलेलं असेल आणि पीएच जुळवलेला. माध्यम घट्ट करायला अगार कुठलं वापरताय? त्यातही कॅल्शिअम असतं.

गंगापूररोड_मोहरी: साधंच. का?