मदत हवी आहे: ड्रायरची मोटर चालते, ड्रम फिरत नाही. बेल्ट घरी बदलता येईल का?

निळी_छत्री:
कपडे वाळवायचा ड्रायर आहे, ७ किलोचा, समोरून दार, पाणी टाकीत जमा होणारा. सुरू केला की मोटरचा आवाज येतो, आत हवाही गरम होते, पण ड्रम जागचा हलत नाही. बंद पडण्याआधी काही दिवस चालू करताना किंचाळल्यासारखा आवाज आणि जळक्या रबराचा वास येत होता. आता हाताने ढकलला तर ड्रम अगदी हलका गरगर फिरतो. स्क्रू ड्रायव्हर, पाने, टॉर्क्सचे बिट आहेत. बेल्टच गेलाय हे नक्की कसं समजायचं? माप कुठलं घ्यायचं? आणि त्यासाठी ड्रम बाहेर काढावा लागतो का?

पानापक्कड:
आधी आतले कपडे काढा आणि प्लग काढून ठेवा. ड्रम थांबलेला असताना मशीन चालवून बघत बसू नका. गरम हवा एकाच जागच्या कपड्यांवर येत राहते.

तुम्ही सांगितलेल्या खुणा बेल्टच्याच आहेत. बेल्ट शाबूत असताना ड्रम हाताने फिरवला तर थोडा जड लागतो, कारण त्याच्यासोबत मोटरही फिरवावी लागते. ड्रम सुटा फिरतोय म्हणजे बेल्ट तुटला किंवा पुलीवरून उतरला. ड्रम जड आहे आणि मोटर नुसतीच घुमते, असं असतं तर मोटरच्या कपॅसिटरवर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) संशय घेतला असता. एक लक्षात असू द्या, काही मॉडेलांत बेल्टपाशी एक छोटा स्विच असतो. बेल्ट तुटला की तो मोटर सुरूच होऊ देत नाही, त्यामुळे मशीन पूर्ण मेल्यासारखं वाटतं.

घरचा_वायरमन:
उघडण्याबद्दल. प्लग काढल्यावरही मोटरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, त्याच्या टोकांना हात लावायचा नाही. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर गॅसचा कॉकही बंद करायचा. हीट पंपवाला (फ्रिजसारख्या यंत्रणेने हवा गरम करणारा) असेल तर आतल्या तांब्याच्या नळ्यांना धक्का लागू द्यायचा नाही आणि मशीन आडवं पाडायचं नाही. हातमोजे घालाच, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

पाण्याची टाकी आणि लिंटची (कपड्यांतून सुटलेल्या तुसाची) जाळी काढून घ्या. वरचं झाकण बहुतेक वेळा मागच्या दोन-तीन स्क्रूंवर असतं. ते काढून झाकण मागे सरकवलं की उचलतं. मग बाजूचा पत्रा. (ज्या मॉडेलांत वरचं झाकण क्लिपांवर बसतं, तिथे पुढच्या फटीत पुट्टीची पट्टी घालून कोपऱ्यांजवळ दाबावं लागतं.)

ड्रम पूर्ण काढायची वेळ सहसा येत नाही. पण बेल्ट हे बंद कडं आहे, त्यामुळे ते ड्रमच्या एका टोकावरूनच आत जाणार. त्यासाठी पुढची चौकट सैल करून ड्रमच्या काठापासून बोटभर पुढे आणा. दाराच्या स्विचची वायर कनेक्टर धरून सोडवा, वायर ओढू नका. चौकट सुटली की ड्रम पुढे झुकतो, म्हणून खाली लाकडी ठोकळा किंवा घडी घातलेलं टॉवेल द्या.

जुना बेल्ट फेकू नका. त्यावर माप छापलेलं असतं.

निळी_छत्री:
उघडला. बेल्ट तुटून तळाशी पडला होता. एका जागी चकचकीत आणि जळलेला, एका कडेचे धागे सुटलेत. अक्षरं दिसतात: १९७५ एच ७. तेवढ्याच लांबीचा, पण ५ खाचांचा जे ५ मिळतोय, रुंदी जवळपास सारखीच आहे. चालेल का? बाकी आत सगळीकडे काळी पूड आहे.

पानापक्कड:
नाही चालणार, आणि नेमकी इथेच चूक होते. १९७५ ही लांबी मिलिमीटरमध्ये. एच म्हणजे खाचांची जात, ७ म्हणजे धारांची (खाचांमधल्या उभ्या कंगोऱ्यांची) संख्या. एचमध्ये दोन धारांमधलं अंतर १.६ मिमी, जेमध्ये २.३४ मिमी. सात धारा म्हणजे ११.२ मिमी, पाच धारा म्हणजे ११.७ मिमी. पट्टीने मोजलं तर फरक जाणवतही नाही, पण जेच्या धारा एचच्या पुलीत बसत नाहीत. बेल्ट वरवर तरंगतो, घसरतो, जळतो.

जुना बेल्ट ताणून लांबी मोजू नका, वापरलेला बेल्ट वाढलेला असतो. बेल्टवरची सगळी अक्षरं जुळवा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर ताडून पाहा. काही मशीनमध्ये टेन्शन पुली (बेल्ट ताणून धरणारं चाक) नसते, तिथे मुळातच ताणला जाणारा बेल्ट लागतो. त्याच्या जागी साधा घातला तर कधीच घट्ट बसत नाही.

आता जुन्या बेल्टकडे नीट बघा, कारण नवा किती टिकेल ते तोच सांगतो. धारांवर आडव्या भेगा असत्या तर वय आणि उष्णता एवढंच कारण म्हटलं असतं. एकाच जागी जळलाय म्हणजे ड्रम अडकलेला किंवा फार जड असताना मोटरची पुली त्या जागेवर घासत राहिली. ती पुली बोटाएवढी जाड असते आणि ड्रमच्या कितीतरी पट वेगाने फिरते; ड्रमचे मिनिटाला फेरे ५० च्या आसपास. त्यामुळे पकड सुटली की सगळी घासणी एवढ्याशा जागेवर होते. कडेचे धागे सुटलेत म्हणजे बेल्ट तिरका धावत होता. तिरकेपणाचं नेहमीचं कारण टेन्शन पुली.

नुसता बेल्ट बदलून मशीन बंद करू नका. टेन्शन पुलीचं चाक बोटाने फिरवा आणि दोन्ही बाजूंना हलवून पाहा. डुगडुगत असेल, खरखरत असेल किंवा पिनभोवतीचं भोक लांबट झालं असेल तर बदला. स्प्रिंग ढिली नाही ना, तेही बघा. ड्रमचे रोलर (ज्यांवर ड्रम टेकून फिरतो ती चाकं) एकेक करून फिरवा. थांबत थांबत फिरणारा रोलर म्हणजे ड्रम जड, आणि त्याचा भार बेल्टवर. रोलर बदलायचे तर जोडीने.

घरचा_वायरमन:
+१. बसवण्याआधी काळी पूड आणि लिंट व्हॅक्यूमने काढा, मोटर आणि हीटरच्या आजूबाजूचं तर नक्कीच. लिंट पटकन पेट घेतं. ड्रमवर जुन्या बेल्टचा पट्टा उमटलेला दिसेल, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवा बेल्ट त्याच खुणेवर, धारा ड्रमकडे आणि सपाट पाठ बाहेर. ड्रमच्या पूर्ण घेरात हात फिरवून कुठे पीळ पडला नाही ना, ते बघा.

मग खाली बेल्टची घडी करून टेन्शन पुली दाबून धरा आणि ती घडी मोटरच्या पुलीवर चढवा. धारा मोटरच्या पुलीवर बसतात, टेन्शन पुलीला मात्र बेल्टची सपाट पाठ लागते. उलटं दिसलं तर मार्ग चुकलाय. ड्रम नेहमीच्या दिशेने हाताने पाच-सहा फेरे फिरवा, बेल्ट आपोआप मधोमध येतो. कडेला सरकत राहिला तर थांबा, पुली तिरकी आहे.

बेल्टला, रोलरला किंवा पुलीला फवारायचं तेल मारू नका. तेल उडून बेल्टवर येतं आणि लिंट धरून ठेवतं.

निळी_छत्री:
नवा एच ७ आणि टेन्शन पुली दोन्ही बसवले. जुनी पुली खरंच डुगडुगत होती. ड्रम फिरतोय, पण फेऱ्यागणिक धप् धप् असा हलका आवाज येतो. आणि पुढे दारापाशी एका जागी फेल्टची (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाची) पट्टी आत मुडपल्यासारखी दिसते.

पानापक्कड:
धप् धप् बेल्टच्या घडीचा असेल. पाकिटात दुमडून येतो, तिथे वळ पडतो. १०-१५ मिनिटं रिकामा चालवा, ऊब लागली की सरळ होतो. त्यानंतरही राहिला तर रोलर बघा.

फेल्टचं मात्र आधी करा, मग चालवा. मुडपलेली फेल्ट ड्रमला ब्रेकसारखी धरते, शिवाय त्या फटीतून लिंट आणि छोटे कपडे बाहेर जातात. पुढच्या चौकटीचे स्क्रू अर्धे सैल करा, ड्रम थोडा उचलून सावकाश फिरवा आणि बोथट प्लास्टिकच्या पट्टीने फेल्ट बाहेर काढत जा. पूर्ण फेरा झाला की स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. दाराच्या स्विचचा कनेक्टर लावल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही.